सलमाच्या बाटलीत निकेल नव्हतं

सलमाच्या सहा महिन्यांचं वाटोळं मी केलं होतं.

तिला सांगायच्या आत ती गेली.

आज तिचा चाळिसावा होता, जाऊन चाळीस दिवस झाले. पळसदेवला जाऊन आले. भिगवणला गाडी बदलून आता बारामतीच्या एसटीत बसलेय. इथूनच ही पोस्ट लिहितेय. चुका असतील तर असू देत.

जे तिला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी. सलमा आणि मी बारामतीत एकाच लॅबमध्ये पीएच.डी. केली. ती पळसदेवची, किराणा दुकानदाराची लेक. मी कळसची, ऊसवाल्याची. पुढं ती इंदापूरला शिकवायला लागली. गेली त्या दिवशी दुपारी डोकं दुखतंय म्हणून स्टाफरूममध्ये टेबलावर मान टाकली. उठलीच नाही.

चौतीस वर्षांची होती हो.

तिचा सगळा जीव एका जिवाणूत अडकलेला. उजनीचं पाणी ओसरलं की काठाला काळा चिखल राहतो, त्यातून तिनंच तो शोधलेला. हा गडी हायड्रोजन खाऊन जगतो. पण हायड्रोजन पचवायचं एन्झाइम तो रोज बनवत नाही. आसपास हायड्रोजन असला तरच बनवतो. उगाच कशाला खर्च करायचा?

"पण त्याला कळतं कसं गं?" मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

"आमच्या दुकानात ये, दावते," ती म्हणाली. "अब्बा गल्ल्यावर बसत्यात. स्वतः किलोभर साखर बी जोखत न्हाईत. गिऱ्हाईक दिसलं की आत हाक मारत्यात. मग अम्मी गोदाम उघडती. ह्या जिवाणूत बी एक अब्बा हाय. बारकं एन्झाइम. हायड्रोजन ओळखायचा आन् आत हाक मारायची, येवढंच त्याचं काम."

झालं. लॅबमध्ये त्या बारक्या एन्झाइमचं नाव 'अब्बा'च पडलं. आमचे गाइड सरसुद्धा विचारायचे, "सलमा, अब्बा आज काय म्हणतायत?"

आता माझं पाप.

या एन्झाइमांना निकेल लागतं. कणभरच, पण लागतंच. हायड्रोजन पचवणाऱ्या मोठ्यालाही लागतं, 'अब्बा'लाही लागतं. निकेल नसेल तर हाक मारणाराच तयार होत नाही, मग गोदाम कोण उघडणार?

म्हणून लॅबमध्ये सगळ्या धातूंचं मिश्रण करून ठेवतात. एक बाटली कित्येक महिने पुरते. ती भरायचं काम माझ्याकडं होतं.

आमच्या सरांचा नियम: आधी लेबल लिहायचं, मग वजन करायचं.

मी लेबल लिहिलं. लोह, जस्त, कोबाल्ट, निकेल, सगळं. मोत्यासारख्या अक्षरात. मग एकेक जोखत निकेलपाशी आले, तर डबी रिकामी. ऑर्डर दिली. म्हटलं, आलं की टाकू.

आठ दिवसांनी डबी आली.

मी विसरले.

सहा महिने सलमा नळ्या बघत बसली. टेस्ट तशी साधी. निळा रंग घालायचा, हायड्रोजन द्यायचा. एन्झाइम असलं की रंग उडून जातो. हिचा रंग हलायचं नाव घेईना. निळा तो निळाच.

बाटलीचं लेबल तिनं दहादा वाचलं असेल. त्यावर निकेल होतं ना.

"संगे, माझ्या हाताला यशच न्हाय बघ," म्हणाली आणि बेसिनपाशी उभी राहून रडली. सर म्हणाले, विषय बदल. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तोच हात.

शेवटी ती बाटली संपली. मी गावाला होते म्हणून नवी तिनंच केली. आठवडाभरात फोन.

"संगेऽ! रंग उडाला! अब्बांनी हाक मारली!"

मला तिथल्या तिथं कळलं. आणि मी म्हणाले, "अगं, अभिनंदन!"

तिनं आपलं आपणच ठरवून टाकलं की आधी नळ्यांत हवा शिरत होती. हवेनं हे एन्झाइम बंद पडतं हे खरंच आहे, त्यामुळं कुणालाच शंका आली नाही. थिसिसमध्ये तसं लिहिलंसुद्धा तिनं. 'सुरुवातीचे प्रयोग माझ्या निष्काळजीपणामुळे वाया गेले', म्हणून.

फोननंतर मी लॅबला परतले, त्या दिवशी तिनं डबा भरून तळलेली चिलापी मासळी आणली सगळ्यांना. मी दोन तुकडे जास्तच खाल्ले. तोंड भरलेलं बरं पडलं.

आणि आभाराच्या पानावर काय लिहावं?

"संगीताचे आभार. तिच्या हातचं मला कधी परत तपासावं लागलं नाही."

हे वाक्य मी पाच वर्षं गिळतेय. ईदला घरी गेले तेव्हा सांगणार होते. तिला नोकरी लागली तेव्हा सांगणार होते. दरवेळी म्हटलं, आज नको, आज ती खुशीत आहे.

आज दुकान अर्धंच उघडं होतं. पायरीवर बसून अब्बांना सगळं सांगितलं. बाटली, लेबल, रिकामी डबी. त्यांना निकेल काय कळलं देव जाणे. चूक मात्र कळली.

"तिला सांगितलं व्हतंस?"

"न्हाय, अब्बा."

एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. अब्बांनी आत हाक मारली नाही.

मग म्हणाले, "रागावली असती बग. लई रागावली असती. आठ दिस बोलली नसती तुज्याशी. आन् नवव्या दिशी तुज्याच घरी जेवाय आली असती."

मला तेच पाहिजे होतं हो, अब्बा. ते आठ दिवस.

म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहिते. तिच्या थिसिसमधलं ते पान चुकीचं आहे. हवा तिनं शिरू दिली नव्हती. निकेल मी टाकलं नव्हतं. तिच्या हाताला पहिल्या दिवसापासून यश होतं.

सर, हे वाचलंत तर फोन करा. मी उचलेन.

सलमा, श्रद्धांजली वाहायला हात उठत नाही गं.

आधी रागव माझ्यावर. मग जा.