भरलेल्या तळ्याची भीती

सिंदेवाहीजवळच्या त्या तळ्याची घटना आजही आठवते. आठवली की आधी हसू येतं आणि मग जीव गलबलतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. एका गावातल्या ढिवर, म्हणजे मासेमार, मोहल्ल्याच्या बायका तक्रार घेऊन आल्या. बचत गट काढून त्यांनी गावतळ्यात पहिल्यांदाच रोहू-कतल्याची बोटुकली, म्हणजे पिल्लं, सोडली होती. मासे वाढीला लागले आणि कुणीतरी तळ्याचं तुडूम, म्हणजे पाळीखालची पाणी सोडायची मोरी, उघडलं. मोरीचं लाकडी बूच पाळीवरच सापडलं. ते बसवेपर्यंत निम्मं तळं वाहून गेलं होतं, मासळीसकट.

"आमची पयली कमाई गेली, साहेब," गटाची अध्यक्ष म्हणाली. डोळ्यांत पाणी नव्हतं, संताप होता.

खबऱ्यानं खालच्या शेतातल्या एकाचं नाव दिलं. त्याला धानासाठी पाणी हवं होतं, म्हणजे कारण तयार. मी त्याला ठाण्यात भरपूर दरडावलं. गडी बधेना. शेवटी पंचनाम्याला तळ्यावर नेलं आणि म्हटलं, "उघडून दाखव." तो गुडघाभर पाण्यात जाऊन थरथरायला लागला.

"मले पोहता नाई येत, साहेब! बूच तं बुडी मारून काढा लागते."

माझे शिपाई तोंड फिरवून हसले. मी मात्र विचारात पडलो. बुडी मारणारा ढिवरांपैकीच असणार. त्यात बूच पाण्यात फेकलं नव्हतं, जपून ठेवलं होतं. मोहल्ल्यात बुडीसाठी एकच म्हातारा नावाजलेला होता, अध्यक्षबाईचा सासरा. त्याला बोलावून चहा पाजला आणि एवढंच विचारलं, "भाऊ, बूच फेकून का नाही दिलं?"

"फेकीन कसा? तळं आमचंच हाये ना!" म्हातारा बोलून गेला आणि खाली बसला.

मग त्यानं सगळं सांगितलं. "तळ्यात मासोळी दिसली का बाहेरचा ठेकेदार येते अन् तळं ठेक्यानं घेते. माह्या बापाच्या वक्ताले आला, माह्या वक्ताले आला. मंग आमी आमच्याच तळ्यावर मजूर. रिकामं तळं कोणी मांगत नाई, साहेब. तरी बारके झिंगे तं भेटते खाले."

त्याच्यामागून आलेली सून ठाण्याच्या दारात उभी राहून ऐकत होती. "मामाजी, मंग जन्मभर झिंगेच खाचे का आपण?" ती माझ्याकडे वळली. "यायले अटक नोका करू. तळं आमच्या नावावर होईल असं करा."

हे पोलिसांचं काम नव्हे. तरी मी बायकांबरोबर ग्रामसभेला बसलो, मत्स्य खात्याच्या कचेरीत बाबूंचं डोकं खाल्लं. लांब मुदतीचा ठेका गटाला मिळाला तेव्हा माझ्या पोराला नोकरी लागावी तसा आनंद झाला.

लोक गरीब राहतात ते आळसानं, असं मी साहेबलोकांकडून आयुष्यभर ऐकलं. त्या म्हाताऱ्यानं मला वेगळं शिकवलं. पिकलेलं आपल्याच घरात येईल याचा भरवसा नसेल, तर कष्टाळू माणूससुद्धा पिकू देत नाही.

पुढच्या हंगामात पहिल्या जाळ्याला म्हाताऱ्यानं बंदोबस्त मागितला. मी स्वतः पाळीवर उभा राहिलो. जाळं जड होऊन वर येत होतं आणि तो सारखा रस्त्याकडे बघत होता. रस्त्यावर कुणीच आलं नाही. मग तो सुनेला ओरडून म्हणाला, "बाई, पुढच्या साली दुप्पट बोटुकली टाकू!"