राजीनाम्याचं पान उघडेना

ऑफिसात सगळे तिला ताई म्हणत, तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले, 'मास्तर' म्हणून ओळखले जाणारे सहकारीसुद्धा. रजा, बदल्या, पगारपत्रकं जावा भाषेत लिहिलेल्या ज्या वेबसाइटवर चालत ती बारा वर्षं तिच्याच गळ्यात होती. काही अडलं की साहेब म्हणत, "ताईंना विचारा." ऐकायला बरं वाटायचं, म्हणून बारा वर्षं निघून गेली.

नवरा आणि लेक चार महिन्यांपूर्वी दुसऱ्या गावी राहायला गेले होते. तिथे आता तिलाही नोकरी मिळाली होती. अट एकच, इथला राजीनामा आज पाचच्या आत दिलेला हवा. इथे कागद चालत नाही, साइटवरचा फॉर्मच भरावा लागतो. आणि त्या फॉर्मवर क्लिक केलं की साइट तिला मुकाट्याने मुख्य पानावर आणून सोडत होती.

सकाळपासून हेच चाललं होतं. तिने ब्राउझरमधली जुनी साठवण पुसून टाकली, लॉगिन तपासलं, सर्व्हरच्या सेटिंगची फाइल ओळ न् ओळ वाचली. चाचणीच्या खात्यातून तेच पान पटकन उघडत होतं. फक्त तिलाच सर्व्हर सांगत होता, इथे नाही, तिकडे जा. "मीच काय घोडं मारलंय?" ती स्क्रीनवर डाफरली.

तीन वाजता तिने फिल्टर तपासायला घेतले. पान दिसण्याआधी प्रत्येक क्लिक या फिल्टरांच्या नाक्यांवरून जातं. असे चोवीस नाके होते, कारण ऑफिसची रीतच तशी होती. तक्रार आली की पान दुरुस्त करायचं नाही, वाटेत नवा नाका बसवून माणसाला दुसरीकडे वळवायचं. एकोणिसाव्यात तिला ओळ सापडली: 'यादीतल्यांना राजीनाम्याच्या पानावर जाऊ देऊ नये. तात्पुरतं.' खाली चार नावं होती. फिल्टर लिहिणारी ती स्वतःच, आठ वर्षांपूर्वी.

तेव्हा मोठं काम अंगावर होतं. "आठवडाभर कोणी सोडून जाता कामा नये, काहीतरी करा," असं साहेब म्हणाले आणि तिने ते हसत हसत केलं. मग काढायचं राहून गेलं. चौथं नाव तिचं होतं. ते साहेबांनी दोन महिन्यांपूर्वी जोडलेलं, नवी नोकरी शोधत असल्याचं तिने विश्वासाने सांगितलं त्याच दिवशी. साहेबांनी साइटमध्ये केलेल्या बदलाला कोणाची मंजुरी लागत नाही. तिच्या बदलाला मात्र गेल्या वर्षीपासून, सगळ्यात जुने म्हणून, मास्तरांची लागे, आणि यादीत पहिलं नाव मास्तरांचंच होतं.

मंजुरीच्या वेळी आख्खी यादी समोर दिसते. लपवायला जागाच नव्हती. घड्याळात साडेचार झाले तेव्हा तिने सगळा फिल्टर खोडला आणि मास्तरांना हाक मारली.

मास्तरांनी चष्मा वर करून वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"हे तुम्ही लिहिलंत, ताई?"

"हो."

"आमच्या हिची बदली झाली होती त्या वर्षी. मी तीनदा फॉर्म उघडायला गेलो. म्हटलं, आपल्याला कॉम्प्युटर कुठे जमतो? मग हिला सांगितलं, तू हो पुढे, मी येतो."

ताईंना त्यांची बायको आठवली. दोन वर्षं ती वाट पाहत राहिली आणि मग तिने वेगळं व्हायचं कळवलं. ऑफिसात सगळ्यांनी मास्तरांनाच दोष दिला होता. ताईंनीसुद्धा.

"मास्तर, मला माफ करा," ती म्हणाली.

मास्तरांनी काचेपलीकडे बसलेल्या साहेबांकडे एकदा पाहिलं आणि मंजुरीचं बटण दाबलं. पाचला सहा मिनिटं असताना ताईंच्या स्क्रीनवर फॉर्म उघडला.

"आधी तुम्ही भरा," ती खुर्चीतून उठत म्हणाली.

"भरा तुम्ही, वेळ जाईल," मास्तर म्हणाले. "मला आता कोणाकडे जायचंय?"