मैनाबाईच्या नावाचं पान

सत्यशीलाला काही समजावायचं तर आधी चहा घेऊन बसावं. नंतर डोकं दुखणार, हे नक्की.

ती आमची शेजारीण. बी.एड. झालेली. यवतमाळच्याच एका संस्थेसाठी शेतमजुरांसाठी सचित्र धडे तयार करायची. मार्चात ते काम संपलं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे गाव सोडता येत नाही. अशात पुण्याच्या एका कंपनीची जाहिरात आली. कारखान्यातल्या कामगारांसाठी प्रशिक्षणाचे धडे रचायचे, तेही घरी बसून. तिला परत असं काम कुठून मिळणार? फक्त आपल्या कामाचा पोर्टफोलिओ पाठवायचा, आणि पहिल्या पानावर आपली व्यावसायिक मूल्यं.

कॉम्प्युटर आमच्याकडे, म्हणून टाईप करायला मी. मूल्यांचं पानही मीच लिहून काढलं. निष्ठा, गुणवत्ता, नावीन्य. वाचून मला स्वतःलाच नोकरी द्यावीशी वाटली. सत्यशीलानं ते शांतपणे वाचलं आणि काढायला लावलं. म्हणाली, हे तर कोणीही लिहील. त्या जागी तिनं दोन चित्रं लावली.

पहिलं तिचंच, चुकलेलं. बोंडअळीच्या वर्षी कपाशीवरच्या फवारणीच्या विषानं माणसं दवाखान्यात भरती होत होती, तेव्हा काळजी कशी घ्यावी याचा तिनं धडा केला होता. पाठीवर पंप घेतलेला माणूस, तोंडाला मास्क, हातात मोजे. चित्र देखणं. संस्थेच्या साहेबांनी पासही केलेलं. पण छापायच्या आधी ही बाई एसटीनं आर्णीकडच्या एका शेतात जाऊन मजूर बायांना ते दाखवत बसली. त्यातल्या मैनाबाईनं चित्र जवळ घेऊन पाहिलं.

"पंप भराच्या आंधी बालटीत औषध कालवते कोन? मीच ना, हातानं. मंग मी कुठी हाओ याच्यात?"

छपाई थांबली, साहेब चिडले. धडा नव्यानं निघाला. त्यात बादली आली, काठी आली, मोजे घातलेली बाई आली. ते दुसरं चित्र. त्याखाली हिनं माझ्याकडून लिहवून घेतलं: दुरुस्ती, मैनाबाई, शेतमजूर.

मी म्हटलं, अगं, मुलगी पाहायला आलेल्यांपुढे कोणी करपलेले पोहे ठेवतं का? चुकलेलं चित्र काढ. नाही. बरं, निदान नाव तरी काढ, सगळं काम स्वतःचं आहे असं कंपनीनं लिहून मागितलंय.

"नाहीच आहे ना ताई स्वतःचं," ती म्हणाली.

या वादात माझी कुकरची डाळ लागली. शेवटी मुदत संपायला अर्धा तास असताना तिच्याच म्हणण्याप्रमाणे पाठवलं. नोकरी गेली, असं मी मनाशी धरून चालले.

आठवड्यानं फोन आला तेव्हा मी तिच्याशेजारीच होते. पुण्याच्या कंपनीतल्या मॅडमना काम आवडलं होतं. सूतगिरणीत मशीनवर उभ्या राहणाऱ्या बायांसाठी पहिला धडा चार दिवसांत हवा होता. मी मान हलवून हलवून खुणावलं, हो म्हण.

"आठ दिवस लागतील मॅडम. बायांना दाखवल्याशिवाय मी देत नाही."

मी कपाळाला हात लावला. पलीकडून मॅडम म्हणाल्या, "पहिल्या पानावर तुम्ही सांगितलंच होतं म्हणा. सहा देते."

पाचव्या दिवशी ती दारात हजर. सूतगिरणीतल्या बायांना धडा दाखवायला निघाली होती, तोवर मी तिच्या सासूबाईंजवळ बसायचं. जाण्याआधी एक प्रत माझ्याही हातात दिली. तिसऱ्या ओळीशी मी अडखळले, तर एसटी चुकेल याची फिकीर न करता तिनं उंबऱ्यातच वही उघडली आणि विचारलं, "नेमकं कुठं अडलं, ताई?"