काळ्या धोंड्याला पाणी लागेपर्यंत

कोलशेतच्या गावठाणात खाडीच्या अंगाला शेवटचं घर धाकूचं. घरामागे बांध, बांधाखाली खाजणाचा खारा चिखल, खाजणात तिवरांची झुडपं, आणि तिवरांच्या पलीकडे खाडी आपली येते आणि जाते. एके काळी या बांधाच्या आत मिठागर होतं. उन्हात मिठाच्या राशी अशा चमकायच्या की नव्या माणसाला डोळे चोळावे लागायचे. त्या राशी गेल्या, होडकी गेली, धाकूच्या बरोबरीचे गडी एकेक करून गेले. बायको गेली. राहिला धाकू, आणि बांधाच्या पायथ्याशी राहिला एक काळा धोंडा, पाण्यात बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा.

गावाच्या दुसऱ्या अंगाला आता उंच इमारती आहेत. त्यातल्या एकीत एकविसाव्या मजल्यावर धाकूचा मुलगा प्रीतम, सून सोनल आणि नात सान्वी राहतात. प्रीतमने बापाला वर राहायला बोलावलं होतं. धाकू चार दिवस राहिला आणि परत आला. "वर पाण्याचा वास येत नाय," एवढंच म्हणाला.

पण दुपार झाली की तो रोज त्या इमारतीच्या फाटकाशी जायचा. सान्वीची शाळेची बस तिथे थांबायची. प्रीतम आणि सोनल दोघं नोकरीला, म्हणून पोर संध्याकाळपर्यंत आजोबाकडे असायची. नऊ वर्षांची, बारीक, दोन वेण्या, पाठीवर तिच्यापेक्षा रुंद दप्तर. मनगटावर गुलाबी घड्याळ. ते घड्याळ वेळ दाखवायचं, फोनसारखं वाजायचं, आणि पोर कुठे आहे ते तिच्या आईच्या फोनवर एका निळ्या ठिपक्याने सांगायचं. घरी येईपर्यंत सान्वी शाळेतलं सगळं सांगून टाकायची. मग भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण खाऊन ओट्यावर पाय सोडून बसायची आणि म्हणायची, "आता तुमचं सांगा."

धाकूकडे सांगायला एकच गोष्ट होती, पण ती न संपणारी होती. तो सान्वीएवढा होता तेव्हाची.

तेव्हा त्याचा बाप मिठागरावर कामाला. आई गोदूबाई भाकरी फडक्यात बांधून धाकूच्या हातात द्यायची आणि म्हणायची, जा. एवढंच. पोर एकटं बांधाने निघायचं. बापाला भाकरी द्यायची आणि मग खाजण त्याचंच. चिखलातून तुरूतुरू पळणाऱ्या निवट्या मासोळ्या, बिळात हात घालून धरलेल्या चिंबोऱ्या, खाडीचं पाणी आत घेणाऱ्या उघाडीच्या फळीवर बसून गळाला लावलेले मासे. घरी कधी यायचं याचा नियम एकच. भरतीचं पाणी काळ्या धोंड्याला लागलं की पाय उचलायचे.

"आणि तुमची आई बघायला यायची?"

"कशाला? तिनं कधी मागं वळून पण बघितलं नाय," धाकू अभिमानाने म्हणायचा. "मी घरी यायचो तवा ती चुलीशी. मान वर न करता इचारायची, आलास? ताट घे."

सान्वीला ते फार आवडायचं. आलास, ताट घे. ती स्वतःशीच पुटपुटायची, जणू एखाद्या दूरदेशीच्या राणीची भाषा होती.

थंडीचे दिवस होते. अमावास्येच्या रविवारी दुपारी धाकू तिला बांधावर घेऊन गेला होता. उधाणाचं पाणी दांडगं होतं. बघता बघता तिवरांच्या मुळ्या बुडाल्या, चिखल बुडाला, आणि काळ्या धोंड्याला पहिली लाट चाटून गेली. सान्वी टाळ्या वाजवून म्हणाली, "लागलं. चला घरी." आणि खरंच पुढे होऊन चालायला लागली. किती वर्षांनी कुणीतरी त्या धोंड्याचं ऐकत होतं.

नऊ दिवसांनी, मंगळवारी, ती जेवून उठली आणि म्हणाली, "आजोबा, आज मी एकटी जाऊ? निवट्या बघायला?"

धाकूचा गुडघा दोन दिवस धरलेला होता. पण त्याने होकार दिला तो गुडघ्यामुळे नव्हे. कित्येक वर्षांत त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. दिवा बदलायचा तर प्रीतम येऊन बदलून जायचा, औषध संपायच्या आत नवं यायचं. आता एक पोर समोर उभी राहून त्याची परवानगी मागत होती.

"जा," तो म्हणाला, अगदी गोदूबाईच्या सुरात. "बांधाखाली उतरायचं नाय. आन धोंड्याला पाणी लागलं की घरी."

"आणि घड्याळ?"

"ठेव खुंटीला. खारं पाणी लागलं तर तुझी आय मला बोलंल."

गुलाबी घड्याळ खुंटीला लागलं आणि सान्वी मागच्या दाराने गेली. धाकू ओट्यावर येऊन सुपारी कातरत बसला. मनात म्हणाला, मी मागं वळून बघणार नाय. मध्येच घड्याळ वाजलं. कुठे दाबायचं ते त्याला ठाऊक नव्हतं, वाजून वाजून ते गप्प झालं. तिकडे ऑफिसात सोनलने फोनवर निळा ठिपका पाहिला. ठिपका सासऱ्यांच्या घरात होता. झोपली असेल, असं तिला वाटलं.

ऊन उतरलं. सोनल पोरीला न्यायला आली, चपला काढता काढता म्हणाली, "बाबा, उठवा तिला."

"ती खाडीवर हाय. येल आता."

"कोणाबरोबर?"

"एकटी गेली. मीच पाठवली."

सोनलने खुंटीकडे पाहिलं. घड्याळ तिथे लोंबत होतं. अनवाणीच ती मागच्या दाराने धावली. धाकू तिच्यामागे लंगडत निघाला, आणि बांधावर चढून त्याने खाडीकडे पाहिलं तेव्हा त्याचे पाय जागीच थांबले.

पाणी आलं होतं, पण कसं? गरिबाघरच्या पाहुण्यासारखं, उंबऱ्याबाहेरच थांबलेलं. तिवरांच्या बुडाशी जरा ओल, बस. काळा धोंडा कोरडा ठणठणीत. अमावास्या जाऊन आज नवमी. भांगाची भरती. या दिवसांत पाणी धोंड्यापर्यंत पोचत नाही. आज नाही, उद्या नाही, परवाही नाही. हे धाकूला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता यायचं. एके काळी. पंचांग न बघता तिथी त्याच्या हाडांत असायची. मिठागर गेलं, होडी गेली, आणि हाडांतली तिथी कधी निघून गेली ते त्याला कळलंही नव्हतं. लहानपणी प्रत्येक पोराला नियमाचा दुसरा अर्धा भाग ठाऊक असायचा, की भांगात धोंडा बघायचा नाही, आपली सावली किती लांबली ते बघायचं. तो अर्धा भाग त्याने सान्वीला सांगितलाच नव्हता.

सान्वी बांधावरच होती. गुडघे पोटाशी घेऊन धोंड्याकडे डोळे लावून बसलेली. डासांनी पाय फोडून काढले होते. रडत नव्हती. आई धावत येताना दिसली तरी ती उठली नाही, आईच्या मागून येणाऱ्या आजोबाकडे बघून म्हणाली, "आजोबा, पाणी लागलंच नाही."

सोनल तिथेच मातीत बसली. पोरीला तिने कवेत घेतलं. तिची बोटं पोरीच्या वेणीवरून पुन्हा पुन्हा फिरत होती. धाकू बाजूला उभा राहिला. हात कुठे ठेवावेत तेही त्याला सुचेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रीतमचा फोन आला. "बाबा, आज बसवर जाऊ नका. बिल्डिंगमध्येच खाली एक बाई मुलं सांभाळतात, कल्पिता म्हणून. अभ्यास पण घेतात. तिकडे बोललोय."

"माझं चुकलं रं."

"चुकलं-बिकलं काही नाही, बाबा. कोणी रागावलेलं नाहीये. तुम्ही जेवलात ना?"

ओरडला असता तर बरं झालं असतं, असं धाकूला वाटलं.

संध्याकाळी सोनल आली. सान्वीची एक वही, खडूंची डबी, घरात घालायचे कपडे न्यायला. सगळं पिशवीत भरून झालं तरी ती गेली नाही. ओट्याच्या कडेला बसली.

"बाबा, तुम्हाला वाटत असेल मी फार भित्री आहे."

धाकूने अडकित्ता खाली ठेवला.

"मी डोंबिवलीला तिसरीत असल्यापासून गळ्यात चावी घालून शाळेत जायचे. आई-पप्पा दोघं कामाला. एकटी यायचे, कुलूप उघडायचे, कुकर लावायचे. अख्खी चाळ म्हणायची, किती शहाणी मुलगी. एकदा दुपारी एक माणूस आलेला. गॅसवाला आहे म्हणाला, दार उघड. मी नाही उघडलं. तो जाईचना. कडी हलवत राहिलेला. मी कपाटामागे उभी होते, आई येईपर्यंत."

"मग आय काय बोलली?"

"सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर आईने नोकरी सोडली असती." सोनलने पिशवीचे बंद हाताला गुंडाळले. "मला आजवर कुणी विचारलं नाही, बाबा. सगळे शहाणीच म्हणत राहिले. काल तिला तिथे शहाण्यासारखी बसलेली बघितली ना, मला कपाटाचा वास आला."

ती उठली. दारात थांबून म्हणाली, "रविवारी आणत जाऊ आम्ही तिला. आमच्याबरोबर."

रविवारी ते आले. पुढच्या रविवारी सान्वीचा नाचाचा क्लास होता, त्याच्या पुढच्या रविवारी कुणाचा तरी वाढदिवस. राग कुणाच्याच मनात नव्हता. दिवस तेवढे भरत गेले, तिकडचे.

धाकूला घर खायला उठलं. एके दिवशी तो रिक्षा करून दिवा गावाला बहिणीकडे गेला. मालन त्याच्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. चाळीच्या तळमजल्याला नातवाच्या संसारात राहायची. नळाला पाणी नुकतंच आलं होतं. म्हातारी नळीचं तोंड एका पिंपातून दुसऱ्यात टाकत होती, आणि भावाचं बोलणं ऐकत होती.

"आयनं कधी माझ्या मागं बघितलं नाय," धाकू म्हणाला. "मला वाटलं, पोर तशीच वाढवायची असती."

मालनने नळी पिंपात सोडली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"कुणी सांगितलं तुला, बघितलं नाय?"

"मी घरी यायचो तवा ती चुलीशी असायची."

"असायची. धापा टाकत असायची, ते नाय दिसलं तुला?" मालन हसली, दात नसलेलं हसू. "येड्या, तू गेलास की काम टाकून बांधावर जायची. मिठाच्या राशीमागं बसून ऱ्हायची. तुझं डोकं परत येताना दिसलं की पदर खोचून पळत घरी, आन चुलीत फुंकणी. मला दारात उभी करायची, कुणी काय इचारलं तर सांगाया."

"मग मला कधी बोलली का नाय?"

"मला बोलायची, पोराला कळलं आय बघते तर पोर भित्रं व्हईल. म्या भ्यायलेली बरी." मालनने पिंपावर झाकण ठेवलं. "भीत नव्हती म्हनं. साऱ्या कोलशेतात तेवढी भित्री बाई नव्हती."

पाणी गेलं. नळी एकदा खोकली आणि गप्प झाली. जन्मभर तो ज्या एकटेपणाचा तोरा मिरवत आला, त्या एकटेपणाच्या पाठीशी एक बाई मिठाच्या राशीमागे उकिडवी बसलेली होती. ती त्याला आत्ता दिसली, आणि तिला हाक मारायला आता फार उशीर झाला होता.

त्यानंतर धाकू पुन्हा दुपारी फाटकाकडे जायला लागला. फाटकासमोर, रस्त्याच्या अलीकडे, एका इस्त्रीवाल्याची गाडी असते. तिच्यावर घड्या केलेल्या कपड्यांचा ढीग. त्या ढिगाआड तो उभा राहतो. बस येते. दोन वेण्या खाली उतरतात, मनगटावर गुलाबी घड्याळ. कल्पिताबाई पुढे होऊन तिचा हात धरतात. फाटक उघडतं आणि मिटतं.

एकदा सान्वीने फाटकात वळून रस्त्याकडे पाहिलं. कुणाला तरी शोधल्यासारखं. धाकू चटकन खाली वाकला, चपलेचा अंगठा नीट करायला.

"काका, हाक मारा की," इस्त्रीवाला म्हणाला. "नात आहे ना तुमची?"

"नको," धाकू म्हणाला. "हाताला हिसडा देऊन येल पळत. गाड्या किती हायेत."

पोर आत गेली तसा तो बांधाने घरी निघाला. पौर्णिमा होती. उधाणाचं पाणी चढलं होतं आणि काळ्या धोंड्याची नुसती पाठ वर राहिली होती. धाकू बांधावर टेकला. गोदूबाई लपून बसायची, हे आता त्याला कळलं होतं. पण तिचं लपणं संपलं की पोर तिच्याच घरी यायचं. ताट तीच वाढायची.

पाणी धोंड्यावरून गेलं. धाकू उठला, आणि सवयीने घरी गेला. आत शिरताना रिकाम्या खुंटीकडे नजर गेली. चुलीशी कुणी नव्हतं. त्याने स्वतःच ताट घेतलं.