जीपने येणारी मालिका
जीपच्या डिझेलचा वास आला की आईची मालिका आठवते. आमच्या चार घरांच्या पाड्यावर फोन एकच होता, माझा, आणि तोही टेकडीवर चढल्यावर जेमतेम लागायचा. म्हणून बाजाराच्या दिवशी जीपवाला तो तळोद्याला न्यायचा आणि आठवड्याचे भाग डाउनलोड करून आणायचा. त्या दिवशी आईला ताप होता, म्हणून मी फोन ठेवून घेत होतो. "दे पाठवून. सून घरी परत येते का, बघायचंय मला," ती म्हणाली. दुपारी तिला धाप लागली. टेकडी समोर होती, ॲम्ब्युलन्सचा नंबर पाठ होता, आणि फोन तळोद्यात मालिका भरून घेत होता. संध्याकाळी आम्ही आईच्या तोंडावर चादर ओढली, तेवढ्यात जीपवाला रस्त्यावरून ओरडला, "सगळे भाग आणले, भाऊ!" आता पाड्यावर टॉवर आहे. ती सून परत आली का, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.