उपाशी कोळसा

सलीमचाचा कोळसा जिभेला लावून बघायचा. गेवराईत हायवेच्या कडेला त्याचं वेल्डिंगचं दुकान. गिऱ्हाईक गेट न्यायला आलेलं असायचं आणि हा बाबा काळ्या ओठांनी त्याच्याशी बोलायचा. विचारलं की म्हणायचा, "जिभेला चिकटला म्हंजी उपाशी हाय बे. पोट भरलेला चिकटत न्हाई."

वेल्डरला शेतीचं काय पडलंय, म्हणून आम्ही उमापूरकर आधी हसलो. पण कापसाची वेचणी संपली की आम्ही बांधावर पऱ्हाट्या पेटवून द्यायचो, ते बघून चाचाचा जीव जळायचा. त्याने जुन्या लोखंडी टिपाडांची भट्टी जोडली. आत हवा न जाऊ देता पऱ्हाटी भाजली की राख होत नाही, कोळसा निघतो. एक खडा फोडून त्याने मला दाखवला. "बग, नुसती भोकं. ह्यात पाणी ऱ्हातं, खत ऱ्हातं, मुळ्या हितंच येतात." घरामागे त्याने असाच कोळसा घालून वांगी लावली होती. तशी वांगी आमच्या काळ्या रानात कधी आली नाहीत, हे आज कबूल करायला काय जातंय.

अट एकच होती. कोळसा दीड महिना शेणकाल्यात भिजवायचा, मगच रानात न्यायचा. "आदी त्याला जेवू घाल, दत्ता. उपाशी गेला तर रोपाच्या ताटातलं खाईल." हे तो इतक्यांदा सांगायचा की आम्ही त्याची नक्कल करायचो.

आमच्या शेतकरी गटाने ठरवलं, दत्ताच्या मिरचीत कोळसा टाकून बघू. साधला तर गावासाठी चाचाकडून मोठी भट्टी करून घेऊ. चाचाने त्या भट्टीचं चित्र दुकानाच्या भिंतीवर खडूने काढलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत सुटला. मी पोती आणली. लागणीची घाई होती, शेण कालवायला माणूस नव्हतं... जाऊ दे. आळस केला मी. पोती तशीच कोरडी रानात रिकामी केली आणि गटाला सांगितलं, भिजवलाय.

महिन्याभरात मिरची पिवळी पडली. बिनकोळशाच्या ओळी गुडघ्याला लागल्या, कोळशातल्या वितीवर थांबल्या. गट बांधावर जमला, चाचालाही बोलावलं. गटाचे अध्यक्ष भगवानराव म्हणाले, "चाचा, तुमी आपलं वेल्डिंग बगा. माती आमच्यावर सोडा." दोघं-तिघं हसले. चाचा वळला. माझ्या रिकाम्या पोत्यापाशी गेला, तळाचा एक खडा काढला आणि जिभेला लावला. खडा चिकटला. तसाच तो माझ्याकडे बघत राहिला. मी एक शब्द बोललो असतो तरी त्याची अब्रू राहिली असती. मी पायाने ढेकूळ फोडत उभा राहिलो.

त्याने खडा खिशात टाकला. "कोळसा माझाच हाय," एवढंच म्हणाला आणि मोटरसायकलला किक मारली.

भट्टी त्याने कापून टाकली. तिच्या पत्र्याचे कूलर झाले म्हणे. मी बघायला गेलो नाही. गेवराईला गेलो तरी त्याच्या दुकानावरून जायचं टाळत होतो. त्याच थंडीत चाचा वारला. मातीला गेलो, तेव्हाही सगळ्यांच्या मागे उभा राहिलो. त्याच्या मुलाने मात्र मला ओळखून पाणी दिलं.

यंदा त्याच तुकड्यात पुन्हा मिरची लावली. झाडं कमरेला लागली, तोडे आटपत नाहीत. एका ओळीतून कोळशाचा खडा उकरला, धुतला, दोन दिवस पत्र्यावर वाळवला आणि कोणी नाही बघून जिभेला लावला. चिकटला नाही. वर्षभर माझं शेणखत खाऊन त्याचं पोट भरलं होतं.

तेवढ्यात भगवानराव बांधावर येऊन थांबले. मिरचीकडे बघत म्हणाले, "दत्ता, काय घातलंस रे रानात?"

तोंडात अजून काळी चव होती.

"काय न्हाई," मी म्हणालो. "बियाणं चांगलं निगालं."