हळदीच्या शूटिंगला ठमी

आमच्या ठमीला तुम्ही ओळखत नसाल, पण तिनं शिवलेला हळदीचा पिवळा ब्लाऊज तुमच्या घरातल्या कुणीतरी घातला असेल. उरणजवळच्या कारखान्यात ती माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. लग्नसराईत अंधार पडेपर्यंत शिवायचं, आणि जादा कामाचा पगार मागितला की शेठ म्हणणार, "मावशी, आपण सगळे एक फॅमिली!" डोंबलाची फॅमिली! लघवीला जायचं तरी विचारून.

ठमी काळी, तिची लेक प्राप्तीही तशीच. रंगावरून स्थळांचे नकार आले तशी प्राप्ती घराबाहेर पडेना, आरशासमोर क्रीम चोळत बसायची. म्हणून शेठनं "हळदीच्या ब्लाऊजच्या जाहिरातीत आपल्याच बायका घेणार" असं सांगितलं, तेव्हा ठमी हरखलीच. मला म्हणाली, "माजा तोंड बोर्डावर लागला का पोरीला समजल, कालं असना पाप नाय."

आता हळद म्हटल्यावर आमच्यातली बाई एकटी जाते होय? शूटिंगच्या दिवशी ठमी ठेवणीतली साडी नेसून, गजरा माळून, प्राप्तीला ओढतच घेऊन आली.

बघतो तर तिच्या मशीनवर मुंबईहून आणलेली गोरीपान मुलगी! आम्हाला सांगितलं, गोदामात थांबा. त्या मुलीला मशीन काही चालवता येईना, तेव्हा ठमीला हाक आली. फक्त हात हवे होते. मेकअपवाल्यानं तिच्या हातांना कोपरापर्यंत गोरा रंग फासला, त्या मुलीच्या तोंडाशी जुळायला हवेत ना! अस्सा संताप आला मला.

ठमी मुकाट शिवत होती. दारात प्राप्ती दिसली तशी तिनं हात झटकन मशीनखाली लपवले. मग हळूच म्हणाली, "शेठ, एक फोटू माज्या तोंडाचा घ्या ना. पोरगी बगते."

शेठ हसला. "मावशी, तुमचं तोंड बघून गिऱ्हाईक पळेल."

ठमीनं मशीन बंद केलं. "मंग हात पन नाय."

"उद्यापासून येऊ नको!" शेठ ओरडला. ती तोवर बाहेर पडली होती.

मी मागोमाग गेले. नळापाशी बसून ठमी रडत होती. काम गेलं, वर लेकीदेखत शोभा झाली. प्राप्ती तिचे हात खसाखसा घासत होती.

"ऱ्हाऊ दे ग," ठमी म्हणाली. "खाली काले ते कालेच."

"निगू दे सगला," प्राप्ती म्हणाली. "मना माजी आय पायजे."